खाडीचे पाणी कुठे जाते?

आपण खाडीकाठची माणसे. सकाळी उठलो की आपली पहिली नजर खाडीकडे जाते. पाणी चढते आहे की उतरते आहे, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. होडी कधी लोटायची, जाळे कधी लावायचे, चिंबोऱ्या धरायला चिखलात कधी उतरायचे, हे सारे आपण पाण्याकडे पाहून ठरवतो.

पण एक गोष्ट आपण फारशी मनात आणत नाही. घरातला केर, मेलेले जनावर, गटाराचे पाणी, फाटके जाळे, सगळे आपण खाडीत सोडतो. ओहोटीचे पाणी ते घेऊन जाते. नजरेआड झाले की आपण म्हणतो, "गेलं एकदाचं समुद्रात!"

खरेच का हो ते समुद्रात जाते?

या पाठात आपण खाडीच्या पाण्यामागे चालत जाऊ. ते कुठून येते, कुठे जाते, किती दिवस राहते, हे पाहू. हे कळले तर खाडी कशी राखावी तेही कळेल. खाडी राखली तर मासळी राहील, आणि मासळी राहिली तर आपली चूल पेटेल.

भरती आणि ओहोटी

चंद्र समुद्राचे पाणी ओढतो. सूर्यही ओढतो. सूर्य चंद्राहून कितीतरी मोठा आहे, पण तो फार लांब आहे. म्हणून भरतीच्या बाबतीत सूर्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहूनही कमी पडतो. या ओढीमुळे समुद्राचे पाणी चढते आणि उतरते.

एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे लागतात. म्हणून आपल्याकडे भरती बहुधा दिवसातून दोन वेळा येते. आणि आजची भरती उद्या सुमारे ५० मिनिटे उशिरा येते.

आपल्या वाडवडिलांनी याचा सोपा हिशोब बसवून ठेवला आहे. तिथीचा आकडा घ्यावा. त्याची पाऊणपट करावी. जो आकडा येईल, तितक्या वाजता भरती पूर्ण होते. आज चतुर्थी आहे असे समजा. चाराची पाऊणपट तीन. म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. आज अष्टमी आहे? आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. मुंबईच्या आसपास हा हिशोब चांगला जमतो. कोकणात दक्षिणेकडे जावे तशी भरती थोडी लवकर येते.

अमावास्येला आणि पौर्णिमेला चंद्र, सूर्य आणि पृथ्वी जवळजवळ एका रेषेत येतात. मग दोघांची ओढ एकत्र होते. पाणी खूप चढते आणि खूप उतरते. त्याला आपण उधाण म्हणतो. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ आडवीतिडवी पडते. पाणी थोडेच चढते, थोडेच उतरते. तो भांग.

मुंबई बंदरात उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत साधारण १२ फुटांचा फरक पडतो. भांगाच्या दिवसांत तोच फरक साधारण ५ फुटांचा असतो. हे ध्यानात ठेवा. पुढे कामाला येणार आहे.

हंड्याचा हिशोब

आता एक प्रयोग करून पाहू. एका हंड्यात दहा तांबे गढूळ पाणी घ्या. हा हंडा म्हणजे आपली खाडी. शेजारी बादलीत स्वच्छ पाणी ठेवा. ही बादली म्हणजे समुद्र.

ओहोटी आली. हंड्यातून तीन तांबे पाणी काढा. भरती आली. हंड्यात तीन तांबे पाणी घाला. पण कोणते पाणी घालायचे? इथेच खरी गोम आहे.

ओहोटीला खाडीतून बाहेर पडलेले पाणी लगेच दूर समुद्रात जात नाही. बरेचसे तोंडाशीच घुटमळते. सहा तासांनी भरती फिरली की तेच पाणी पुन्हा आत शिरते. म्हणून काढलेल्या तीन तांब्यांपैकी दोन तांबे परत हंड्यात ओता. एकच तांबा फेकून द्या. त्याच्या जागी बादलीतला एक तांबा स्वच्छ पाणी घाला. हंडा ढवळा. झाली एक भरती-ओहोटी.

तीन तांबे गेले, तीन तांबे आले. पण बदलले किती? एकच तांबा!

असे दहा वेळा करा. दहा भरत्या म्हणजे सुमारे पाच दिवस. हिशोब केला तर दिसेल की पाच दिवसांनंतरही हंड्यात साडेतीन तांब्यांइतके जुने गढूळ पाणी उरतेच. आणि या पाच दिवसांत रोज नवी घाण टाकत गेलो तर? तर हंडा कधीच स्वच्छ व्हायचा नाही.

प्रत्येक खाडीचा हिशोब वेगळा असतो. तोंड रुंद आणि खोल असेल, तर पाणी लवकर बदलते. तोंड अरुंद असेल, तर वेळ लागतो. एकाच खाडीतही सगळीकडे सारखे नसते. तोंडाजवळचे पाणी लवकर बदलते. आत शेवटाकडचे पाणी मात्र पुढे-मागे, पुढे-मागे हलत राहते. झोपाळा हलतो, पण जागा सोडत नाही, तसे.

उधाणाला खूप पाणी आत-बाहेर होते. भांगाला थोडे होते. म्हणून अष्टमीच्या सुमारास खाडीत टाकलेली घाण अधिक दिवस आपल्याच दाराशी राहते.

वर गोडे, खाली खारे

आणखी एक प्रयोग. काचेचा एक पेला घ्या. अर्ध्या पेल्यात पाणी घेऊन त्यात मूठभर मीठ विरघळवा. त्यात थोडी नीळ टाका. आता एक चमचा पाण्याला टेकवून धरा, आणि चमच्यावरून साधे गोडे पाणी अगदी हळू सोडा. काय दिसते? निळे खारे पाणी खाली राहते. गोडे पाणी वर तरंगते. खारे पाणी जड असते, गोडे हलके असते.

पावसाळ्यात खाडीत हेच घडते. नदीचे गोडे पाणी वरच्या थराने समुद्राकडे धावते. त्याच वेळी समुद्राचे जड खारे पाणी तळाने हळूहळू आत सरकते. वरचे पाणी बाहेर, खालचे पाणी आत!

याचा अर्थ नीट समजून घ्या. तरंगणारी वस्तू पावसाळ्यात बाहेर जाताना दिसते. पण गाळ, आणि गाळाला चिकटलेली घाण, तळाशी बसते. ती तळच्या पाण्याबरोबर आतही येऊ शकते. वर पाहून आपण समजतो की सगळे वाहून गेले. तळाशी काय चालले आहे ते दिसत नाही.

उन्हाळ्यात नदीचे पाणी आटते. मग बाहेर ढकलणारा जोर उरत नाही. खाडीच्या शेवटाकडचे पाणी साचल्यासारखे होते. कुजणारी घाण पाण्यातली हवा खाऊन टाकते. माशांनाही श्वासाला हवा लागते. ती संपली की मासे वर येऊन तोंडे उघडतात आणि मरतात.

मिनामाताची गोष्ट

खाडीत टाकलेले कुठे जाते, हा प्रश्न न विचारल्यामुळे केवढा अनर्थ होतो, त्याची एक खरी गोष्ट सांगतो. ही गोष्ट जपानची आहे. तिथे क्यूशू नावाच्या बेटावर मिनामाता नावाचे गाव आहे. गावासमोर छोटा उपसागर आहे. त्याच्या तोंडाशी एक बेट आहे. म्हणून आतले पाणी शांत असते. काठावरचे लोक आपल्यासारखेच मासे मारीत आणि मासे खात.

गावात रसायनांचा मोठा कारखाना होता. तिथे पारा वापरीत. पाऱ्याचे विष मिसळलेले सांडपाणी १९३२ सालापासून उपसागरात सोडले जाई. लोकांना वाटे, समुद्र केवढा मोठा! त्यात एवढेसे पाणी काय करणार?

पण विष मोठ्या समुद्रात गेलेच नाही. शांत पाण्यात ते गाळाबरोबर तळाशी बसले. गाळातून किड्यांत गेले. किडे माशांनी खाल्ले. लहान मासे मोठ्या माशांनी खाल्ले. दर पायरीला विष वाढत गेले. शेवटी मासे माणसांनी खाल्ले.

आधी मांजरे पिसाटल्यासारखी नाचू लागली आणि मरू लागली. मग माणसे आजारी पडली. हातपाय थरथरू लागले. बोलणे अडखळू लागले. दिसेना, ऐकू येईना. कित्येक जण दगावले. आईच्या पोटातल्या बाळांनाही विष बाधले. १९५६ साली हा रोग अधिकृतपणे नोंदला गेला.

आता पुढचे ऐका. १९५८ साली कारखान्याने सांडपाण्याची वाट बदलली. उपसागराऐवजी ते नदीच्या मुखाशी सोडले. तिथे पाण्याची ओढ वेगळी. ते पाणी किनाऱ्याने पसरत गेले. झाले काय, तर जिथे आधी रोग नव्हता, अशा गावांतही माणसे आजारी पडू लागली! नळाचे तोंड फिरवले, पण पाणी कुठे जाते ते पाहिले नाही. त्याचे फळ शेजारच्या गावांनी भोगले.

पारा सोडणे १९६८ साली थांबले. पण तळाचा गाळ तसाच होता. विषारी मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून १९७४ साली उपसागराच्या तोंडाशी जाळे लावले. १९७७ ते १९९० या काळात विषारी गाळ उपसला, काही भाग भराव घालून बुजवला. जाळे काढायला १९९७ साल उजाडले. २,२०० हून अधिक लोकांना तिथल्या सरकारने या रोगाचे रोगी म्हणून मान्य केले.

टाकायला पैसा लागला नाही. काढायला एका पिढीचे आयुष्य गेले.

आपली ठाण्याची खाडी

जपान लांब आहे. आता घराजवळ येऊ. मुंबई बंदराच्या वरच्या अंगाला ठाण्याची खाडी आहे. तिची लांबी सुमारे २६ किलोमीटर. दक्षिणेला तिचे तोंड रुंद आहे. उत्तरेला ठाण्याकडे ती अरुंद होत जाते, आणि एका चिंचोळ्या वाटेने उल्हास नदीच्या खाडीला जोडलेली आहे.

हंड्याचा हिशोब आठवा. तोंडाकडचे पाणी बदलते. ठाण्याकडचे पाणी झोपाळ्यासारखे हलत राहते. त्यात पावसाळा सोडला तर गोडे पाणी फार थोडे येते. म्हणजे जिथे घाण पचवायची ताकद सर्वांत कमी, ती जागा आतल्या अंगाला.

आणि नेमके काय झाले? १९६० नंतर खाडीच्या पूर्वेला ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने उभे राहिले. दोन्ही काठांवर शहरे वाढली. कारखान्यांचे आणि वस्त्यांचे सांडपाणी वर्षानुवर्षे खाडीत येत गेले. काठावर भराव पडले. खाडी उथळ होत चालली. इथे पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणारे कोळी आणि आगरी सांगतात की पूर्वी दाराशी मिळणारी मासळी आता मिळत नाही.

तरी खाडी मेलेली नाही. तिच्या काठाला अजून तिवरांची दाट झाडी आहे. थंडीच्या दिवसांत हजारो रोहित पक्षी तिथे उतरतात. २०१५ साली सरकारने खाडीच्या एका भागाला रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून जाहीर केले. २०२२ साली जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत तिचे नाव गेले. जे उरले आहे ते राखले, तर खाडी सावरू शकेल.

खाजण बुजवले की तोंड बुजते

कोणी म्हणेल, "सांडपाण्याचं कळलं. पण खाजणात भराव घातला तर खाडीचं काय बिघडतं? ती तर नुसती चिखलाची जागा!"

पाहा हं. भरतीचे पाणी खाडीत येते, ते खाजणात आणि तिवरांत पसरते. ओहोटीला ते सगळे पाणी एका तोंडातून जोराने बाहेर पडते. हा जोरच तोंडाचा गाळ झाडून काढतो. खाजण म्हणजे खाडीचे पोट. पोट बुजवले तर आत येणारे पाणी कमी होते. पाणी कमी, तर जोर कमी. जोर कमी, तर गाळ बसतो. मग तोंड उथळ होते, होड्या रुततात, आणि आतले पाणी आणखीच साचते. भराव एकाच्या जमिनीत पडतो, पण होडी सगळ्या गावाची अडते.

तिवरांची मुळे पाण्याचा वेग मंद करतात. गाळ मुळांत अडतो. तिथेच कोळंबीची आणि कितीतरी माशांची पिल्ले वाढतात. वादळी लाटांचा मारही तिवरे अंगावर घेतात. म्हणूनच मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली, आणि पुन्हा २०१८ साली, राज्यातली खारफुटी तोडायला मनाई केली.

आपल्या वाडवडिलांनीही खाडीला बांध घातले. भातशेतीसाठी घातले. पण त्या बांधांत त्यांनी उघाड्या ठेवल्या. ओहोटीला उघाडीचे दार आपोआप उघडते आणि शेतातले पाणी बाहेर जाते. भरतीला पाण्याच्या दाबाने ते बंद होते. गोव्यात याला मानस म्हणतात. पाण्याची चाल ओळखून केलेले काम कसे असते, ते यावरून दिसते. उघाडी मोडली, दुरुस्त केली नाही, तर पाणी शेतात तुंबते. म्हणून जुन्या उघाड्या राखणे हेही खाडी राखण्याचेच काम आहे.

आपण काय करावे?

पहिले काम, आपल्या खाडीचे पाणी ओळखावे. त्याला मोठी यंत्रे लागत नाहीत. चार सुके नारळ घ्या. त्यांना रंगाची खूण करा. प्रत्येकाला खाली बेताचा दगड बांधा. नारळ जेमतेम वर दिसला पाहिजे, म्हणजे त्याला वारा लागणार नाही. भरती फिरून ओहोटी लागली की ते नाल्याच्या तोंडाशी सोडा. होडीतून त्यांच्या मागे जा. ते कुठवर जातात, कुठे थांबतात, भरतीला कुठे परत येतात, ते पाहा. उधाणाला एकदा करा, भांगाला एकदा करा. पावसाळ्यात नदीला ओढ असते आणि दर्या खवळलेला असतो. तेव्हा होडी लोटू नका, काठावरूनच पाहा.

आणि पाहिलेले लिहून ठेवा. आता आपल्याला लिहिता येते ना? मग एक वही करा. तारीख, तिथी, वेळ, नारळ कुठे गेला. पाण्याचा वास कसा होता, मेलेली मासळी दिसली का, हेही लिहा. तोंडी सांगितलेले लोक विसरतात. वहीत लिहिलेले दाखवता येते. समुद्राचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञही तरंगत्या वस्तू सोडून पाण्याची चाल मोजतात. आपल्या देशाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ साली स्थापन झाली. तिचे मुख्य ठाणे गोव्यात दोना पावला येथे आहे. तिथे हेच काम मोठ्या यंत्रांनी चालते.

दुसरे काम, केर आणि सांडपाणी यांची सोय काठावरच करावी. ओल्या केराचे खत करावे. न्हाणीचे पाणी परसात, शोषखड्ड्यात जिरवावे. संडासाचे पाणी खाडीत सोडू नये. मुंबईत वरळी आणि वांद्रे येथे सांडपाणी तीन किलोमीटरहून अधिक दूर समुद्रात नेऊन सोडतात, कारण काठाशी सोडले तर ते परत येते. पण नुसते लांब सोडून भागत नाही. सांडपाणी आधी शुद्ध करणे हाच खरा उपाय आहे.

तिसरे काम, ग्रामसभेत विचारावे. उद्या कोणी गावात येईल आणि म्हणेल, "खाडीला इथे नळ सोडतो," किंवा "या खाजणात भराव घालतो." त्याला हात जोडून तीन प्रश्न विचारा:

यातले पाणी भरतीला कुठे जाईल आणि ओहोटीला कुठे जाईल?

ते खाडीत किती दिवस राहील?

तळाशी काय बसेल?

या तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर मागा. उत्तर मिळाले, तर आपली वही शेजारी ठेवून ताडून पाहा. उत्तर मिळाले नाही, तर संमतीचा अंगठा देऊ नका. सहीही देऊ नका. मिनामाताच्या लोकांना हे प्रश्न विचारायची संधी कोणी दिली नव्हती. आपल्याला ती आहे.

आज संध्याकाळी काठावर जा. आजची तिथी कोणती ते पाहा. पाऊणपट करा आणि भरतीची वेळ काढा. ती बरोबर आली का, ते उद्या वर्गात सांगा. आणि येताना वही आणायला विसरू नका. तिच्या पहिल्या पानावर आपण आपल्या खाडीचे नाव लिहू.